मदतीसाठी किलिमांजारो करायचंय? मग पैसे शिखराला बांधू नका

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या, ३९ वर्षांच्या एका शिक्षिका आहेत. ओळखीतल्या कर्णबधिर मुलांच्या एका छोट्या शाळेला श्रवणयंत्रांसाठी दहा लाख रुपये उभे करून द्यायचे त्यांच्या मनात आहे. त्यासाठी पुढच्या वर्षी आफ्रिकेत, टांझानियातला किलिमांजारो चढायचं, लोकांना त्या निमित्ताने मागायचं. आजवर त्या सर्वांत उंच गेल्यात त्या गिरनारला, दत्ताच्या पादुकांपर्यंत. यजमान म्हणतात, तीन लाख खर्चून दहा लाख मागण्यापेक्षा ते तीन लाखच शाळेला देऊन टाक. तर जावं का, आणि जायचं तर सुरुवात कुठून करावी?

ताई, यजमानांचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच प्रश्न तुम्हाला अजून शंभर जण विचारणार आहेत आणि तो रास्त आहे.

किलिमांजारोवर राष्ट्रीय उद्यानाची रोजची फी, तंबूची फी, बचाव पथकाची फी आणि वरचा कर मिळून सात दिवसांच्या वाटेला माणशी जवळपास हजार डॉलर नुसते सरकारी जातात. गाइडशिवाय डोंगरावर पाऊल टाकता येत नाही, १९९१ पासून तसा नियमच आहे. गाइड, पोर्टर, स्वयंपाकी, विमान, व्हिसा, विमा, कपडे, टिप असं सगळं धरलं की तीन लाखांच्या आसपास जातं. हे तीन लाख जमलेल्या दहा लाखांतून काढणार असाल तर यजमान बरोबर आहेत, जाऊ नका. तीन लाख तुमचे स्वतःचे असतील, एखादा युरोपच्या सहलीला घालतो तसे, आणि लोकांचा रुपयान् रुपया शाळेला जाणार असेल, तर जरूर जा. आम्ही पाच मोहिमा केल्या, पाचही वेळा पावतीवर ठळक छापलं होतं: ‘चढाईचा खर्च चढणाऱ्याचा. तुमची पूर्ण रक्कम संस्थेला.’ एवढं छापलं की निम्मे प्रश्न विचारायच्या आधीच विरतात.

उरलेल्या निम्म्यांना सरळ सांगा की तीन लाख देऊन मी गप्प बसले असते तर शाळेला तीन लाख मिळाले असते, आणि दांडिया बाजारात कुणाला ती शाळा आहे हेही कळलं नसतं. डोंगरामुळे तुम्हाला बोलायला निमित्त मिळतं, तेही एकदा नाही, वर्षभर. आपल्याकडे वर्गणी मागण्याची सवय गणपतीने लावलेली आहे. पावती पुस्तक घेऊन दारात उभं राहिलं की माणूस आतून पाकीट घेऊन येतो, कारण मांडव त्याला खिडकीतून दिसत असतो. तुमचा मांडव आफ्रिकेत आहे. तो इथे दिसेल असं काहीतरी करावं लागेल. त्यावर पुढे येतो, आधी माझी फजिती सांगतो.

२०१३ चा ऑगस्ट. लडाखमधलं स्टोक कांग्री, ६,१५३ मीटर. (आता ते बंद आहे. खालच्या स्टोक गावाचं पाणी त्याच डोंगरातून येतं, गर्दीनं ते घाण व्हायला लागलं म्हणून २०२० मध्ये गावकऱ्यांनी चढाई बंद केली. बरंच केलं.) एका बालवाडीच्या छतासाठी आम्ही पैसे जमवत होतो. मांडवीतले एक सराफ म्हणाले, “भाऊ, शिखरावरचा फोटो आणा, एक लाख तुमचे.” मला ते इतकं आवडलं की मी गावभर सांगत सुटलो. ऐकून आणखी चौघांनी तशाच अटीवर रकमा बोलल्या. म्हणजे निघतानाच दोन लाख तीस हजार रुपये माझ्या आधी शिखरावर जाऊन बसले होते.

बेस कॅम्पहून रात्री बाराला निघालो. डोकं संध्याकाळपासून ठणकत होतं, जेवणात दोन घास भात गेला होता. गाइडनं विचारलं तेव्हा मी “एकदम ठीक” म्हणालो. तासा-दीड तासाने हिमनदी आली, तिथे बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी काटे, लावायचे होते. मी उजवा क्रॅम्पॉन डाव्या बुटाला लावत बसलो. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. हेडलॅम्पच्या उजेडात पट्टा दिसत होता, बक्कल दिसत होतं, पण कशात काय ओवायचं ते सुचत नव्हतं. गाइड म्हणजे विशीतला लडाखी पोरगा. तो रागावला नाही, काही समजावलंही नाही. काठीने बर्फावर एक रेघ ओढली आणि म्हणाला, “सर, इस पे चलो. एड़ी से पंजा मिला के.” तिसऱ्या पावलाला मी डावीकडे कलंडलो. मी म्हटलं, बर्फ निसरडा आहे. तो म्हणाला, “सर, मैं भी इसी बर्फ पे खड़ा हूँ.”

उंचीमुळे मेंदूला सूज येऊ लागली की माणसाचा तोल असा जातो, आणि त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. त्या पोराने मला तांबडं फुटायच्या आत बेस कॅम्पच्याही खाली आणलं. लेहला पोहोचल्यावर सराफांना फोन केला. ते म्हणाले, “जीव वाचला हे फार चांगलं झालं. पण बोली फोटोची होती.” त्यांचा राग यावा असं काही नव्हतं, ती अट मीच तर मिरवत होतो. पाचांपैकी दोघांनी पैसे दिले, तिघांनी नाही. छताच्या कंत्राटदाराला शब्द देऊन झाला होता. तो खड्डा पुढची दोन वर्षं माझ्या पगारातून भरला. पैशाचं मला तितकं वाटलं नाही. रात्री अकरा वाजता “एकदम ठीक” म्हणताना माझ्या डोक्यात डोकेदुखी नव्हती, दोन लाख तीस हजार होते, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

म्हणून ताई, माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: देणगीचा आणि शिखराचा संबंध तोडून टाका. ‘मीटरमागे १० रुपये, ५,८९५ मीटरचे ५८,९५० रुपये’ असले हिशेब फार गोड दिसतात, पोस्टरवर छान बसतात. मग ५,७०० मीटरला तुमचं डोकं फुटायला लागतं आणि वर उरलेल्या १९५ मीटरचे रुपये दिसायला लागतात. कुणी अट घातलीच तर हसून सांगा, “काका, वर पोहोचले तर तुम्हाला फोटो, नाही पोहोचले तर गोष्ट. पैसे दोन्हीचे सारखेच.” आणि तुम्ही विमानात बसाल त्या दिवशी सगळे पैसे शाळेच्या खात्यात जमा झालेले हवेत. मी आता यात तडजोड करत नाही. परत आल्यावर आणखी आले तर आनंदच आहे.

मग पैसे बांधायचे कशाला? सरावाला बांधा. सराव तुमच्या हातात असतो, शिखर हवेच्या हातात. दुसऱ्या मोहिमेपासून आम्ही पावागड धरला. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर, सकाळी साडेचारला निघालं की दुपारच्या जेवणाला घरी. बहुतेक लोक माचीपर्यंत गाडीने जातात आणि तिथून पायऱ्या नाहीतर रोपवे घेतात. तुम्ही खाली चांपानेरपासून जुन्या दरवाजांच्या वाटेने चढा. निघण्याआधीचे २४ रविवार ठरवायचे आणि प्रत्येक रविवारला एक यजमान शोधायचा, आरतीला असतो तसा. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस, ज्याला जो रविवार हवा तो त्याचा. यजमानाने ११,००० द्यायचे ठरवले तरी २४ रविवारांचे २,६४,००० होतात, आणि यातला एक रुपयाही टांझानियाच्या हवामानावर अवलंबून नसतो. रविवारचा यजमान स्वतः चढायला आला तर उत्तम. आमच्याकडे एक आजी रोपवेने वर यायच्या आणि आम्ही घामाघूम होऊन पोहोचलो की थर्मासमधून आल्याचा चहा ओतायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांच्या भजनी मंडळाने मिळून तीन रविवार घेतले. हाच तुमचा खिडकीतून दिसणारा मांडव.

मागण्याबद्दल थोडं. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड टाकला की अंगठे येतात, पैसे येतात ते फोन केल्यावर. दोनशे नावांची यादी करा, त्यातल्या मोठ्या दात्यांना आधी भेटा. कारण पुढचा माणूस यादीवरचे आधीचे आकडे बघून आपला आकडा ठरवतो. पहिली ओळ ५०१ ची असेल तर सगळी यादी ५०१ ची होते, हे गणपती मंडळाच्या कोणत्याही खजिनदाराला विचारा. यादीत तुमचं स्वतःचं नाव पहिलं असू द्या, शाळेला दिलेल्या देणगीसकट. खर्च वेगळा आणि देणगी वेगळी.

आता हिशेबाचा भाग. मी अकरा वर्षं एका ट्रस्टचा खजिनदार होतो, तेव्हा इथे जरा कडक बोलणार आहे.

तुमच्या फोनपे किंवा गूगलपेवर एक रुपयाही घेऊ नका. हेतू कितीही चांगला असो, नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर रक्कम तुमच्या खात्यात आली की ती सगळीच्या सगळी तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. आयकराची नोटीस आली की मग ‘ते शाळेचे होते’ हे सिद्ध करत बसा. पैसे थेट शाळा चालवणाऱ्या ट्रस्टच्या खात्यात जाऊ द्या, क्यूआर कोड त्यांचाच छापा. त्याआधी ट्रस्टकडे जाऊन कागद बघा: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची ट्रस्टला करमाफी देणारी, जिला सगळे १२ए म्हणतात ती, आणि देणगीदाराला सवलत देणारी, जिला ८०जी म्हणतात ती. या आयकर नोंदण्यांचं आता ठराविक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं वीस वर्षांपूर्वीचं पत्र कामाचं नाही, मुदत बघा.

सवलतीबद्दल लोकांना खोटी आशा दाखवू नका. देणगीच्या निम्म्या रकमेवर सूट मिळते, तीही जुन्या करपद्धतीत राहिलेल्यांना. नव्या पद्धतीत गेलेल्यांना ८०जीचा फायदा नाही. हे आधी सांगितलं नाही तर मार्च महिन्यात फोन घेऊन घेऊन कान दुखतात. रोखीने २,००० च्या वर दिलेल्या देणगीवर सूट नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन. आणि पैसे घेतानाच पॅन नंबर लिहून घ्या. ट्रस्टला आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत सगळ्या देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरावी लागते आणि त्यातूनच दात्याला प्रमाणपत्र निघतं. पॅनसाठी मे महिन्यात लोकांच्या मागे लागणं हा पावागडपेक्षा मोठा चढ आहे.

बडोद्याच्या माणसाला आणखी एक अडचण येतेच, ती म्हणजे अमेरिकेतला भाचा. आपल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी न्यू जर्सीला असतं आणि तेच जास्त द्यायला तयार असतात. इथे पासपोर्ट बघावा लागतो. भाचा तिथे नोकरीला असला तरी पासपोर्ट भारताचा असेल, तर तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत शाळेला देऊ शकतो. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी तो पैसा परदेशी देणगी ठरतो, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसलेल्या ट्रस्टला तो घेताच येत नाही. ‘मामीच्या खात्यात टाकतो, मामी देईल’ हा मार्ग तुम्हाला नक्की सुचवला जाईल. तो घेऊ नका, एका देणगीपायी शाळा गोत्यात येईल.

आता चढाईकडे वळतो, इथे मी जास्त रमतो हे आधीच कबूल करतो.

बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आहे. गिरनारचं सर्वांत उंच टोक १,११७ मीटर. किलिमांजारोवर जिथून चालायला सुरुवात होते ते माचामे गेटच १,८०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तुम्ही आयुष्यात जितक्या उंच गेलात त्याच्याही वर तुमचा पहिला दिवस सुरू होणार. गिरनारने पाय तयार होतात, फुप्फुसांची ओळख होत नाही. उंचीवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, शेकडा २१, पण हवेचा दाबच उतरलेला असतो. ५,५०० मीटरला तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. प्रत्येक श्वासात निम्माच माल मिळतो म्हणा ना. त्यावर शरीर स्वतः तोड काढतं, श्वास वाढवतं, लघवी वाढवतं, पुढे तांबड्या पेशी वाढवतं. फक्त त्याला दिवस द्यावे लागतात.

हे दिवस ताकदवान माणूस देत नाही, ही मोठी गंमत आहे. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं हे गाव, इथे अंग कमावलेल्यांना तोटा नाही. आमच्या तिसऱ्या मोहिमेत एक मल्लखांबपटू होता, दोरीवर माकडासारखा चढायचा. ३,८०० मीटरला तो सगळ्यांच्या पुढे एक तास पोहोचला आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी ओकला. मागून दर वीस पावलांवर थांबत आलेली बँकेतली बाई मजेत सूप पीत होती. किलिमांजारोवर गाइड दिवसभर एकच मंत्र म्हणतात, “पोले पोले.” स्वाहिलीत हळूहळू. गप्पा मारता मारता चालता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला.

तेव्हा एकदम किलिमांजारो नको. तुम्ही शिक्षिका आहात, मे महिना मोकळा असतो. यूथ हॉस्टेल्सची हिमाचलमधल्या सर पास खिंडीची मोहीम मे महिन्यात असते, खिंड ४,२०० मीटरच्या आसपास, खर्च आवाक्यात आणि तंबूत अर्धे लोक मराठी-गुजराती भेटतात. तिथे आपलं शरीर काय म्हणतं ते कळेल: डोकं कधी दुखतं, झोप कशी लागते, भूक कुठे मरते. काहींना ३,५०० लाच त्रास होतो आणि त्याचा फिटनेसशी काही संबंध नसतो. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, उद्दिष्ट बदला. शाळेला किलिमांजारोचे पैसे आणि गिरनारचे पैसे सारखेच.

किलिमांजारोला मरांगू वाटेची पाच दिवसांची सहल सर्वांत स्वस्त पडते, वाटेत लाकडी झोपड्याही आहेत. घेऊ नका. परत फिरणाऱ्यांत घाईच्या वाटेवरचे जास्त असतात. माचामेने सात दिवस किंवा लेमोशोने आठ दिवस घ्या. त्या वाटांवर एका दिवशी ४,६०० मीटरच्या लाव्हा टॉवरला नेऊन जेवायला घालतात आणि झोपायला ४,००० च्या खाली आणतात. चढताना वैताग येतो, की मिळवलेली उंची का घालवायची, पण शरीर त्यातच शिकतं. ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा फार तर पाचशे मीटर वर, हा ढोबळ नियम पाठ करून ठेवा. सात दिवसांच्या वाटेवरही तो एखाद्या रात्री मोडतोच, म्हणूनच एकेक जास्तीचा दिवस मोलाचा.

मोसम जानेवारी-फेब्रुवारीचा किंवा जून ते ऑक्टोबरचा. मार्च अखेरीपासून मेपर्यंत तिथला मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर तुमचं नशीब, नाहीतर बिनपगारी रजेची तयारी ठेवा.

डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि मुख्य म्हणजे हिमोग्लोबिन बघा. आपल्याकडच्या बायका ९-१० हिमोग्लोबिनवर घर, नोकरी, सणवार सगळं ओढतात आणि त्यांना ते कमी आहे हे कळतही नाही. ५,००० मीटरला कळतं. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल त्यांनाच विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा, आणि घ्यायची ठरली तर एकदा घरी घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा फिका लागतो. हे घरी माहीत झालं तर तंबूत घाबरायला होत नाही. गोळी त्रास कमी करते, पण खाली उतरायची वेळ आली असेल तर ती पुढे ढकलत नाही.

शिखराची रात्र बराफू कॅम्पवरून, साधारण ४,६७० मीटरवरून, मध्यरात्री सुरू होते. सहा-सात तास अंधारात नागमोडी चढ, मग ५,७५६ मीटरवर स्टेला पॉइंट, तिथून तासाभरात उहुरू, म्हणजे शिखर. थंडी शून्याखाली दहा-पंधरा, वारा वेगळा. पाण्याची नळी गोठते, म्हणून बाटली उलटी करून पिशवीत ठेवायची, गोठलं तर बुडाकडून गोठतं. फोन आतल्या खिशात, बॅटरी थंडीने मरते. चिक्की नेऊ नका, दगड होते, माझा दाताचा एक कोपरा किलिमांजारोवर राहिलाय. लिलो चेवडो, आपला ओला चिवडा, न्या. भूक मेलेली असते तेव्हा बडोद्याचा ओळखीचा तिखट-गोड वासच काय तो दोन घास उतरवतो. शाळेचं नाव लिहिलेला फ्लेक्स नेणार असाल तर तोही थंडीने कडक होतो, उलगडता येत नाही. रुमालाएवढं कापड पुरे.

आणि त्याच दिवशी खाली ३,१०० मीटरपर्यंत उतरायचं असतं. १,२०० वर, २,८०० खाली. लोक चढाची तयारी करतात आणि उताराला गुडघे व नखं घालवतात. गिरनार कामाला येतो तो इथे. निघण्याआधी एकदा पाठीवर सात-आठ किलो घेऊन दत्तशिखरापर्यंत जा आणि दहा हजार पायऱ्या चालत उतरा. अंबाजीपासून रोपवे आहे, तो बघायचा नाही. दुसऱ्या दिवशी घरातला जिना नीट उतरता आला तर तुम्ही तयार आहात.

विम्याचं कागदपत्र वाचा, उंचीची मर्यादा बारीक अक्षरात असते. ६,००० मीटरपर्यंतचा बचाव धरलेला हवा, साध्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो.

कंपनी निवडताना भावाची घासाघीस करायचा मोह आवरा. एका चढणाऱ्यामागे तीन-चार पोर्टर असतात. स्वस्त सहल स्वस्त होते ती त्यांच्या पोटावर: कमी मजुरी, एकवेळ जेवण, २० किलोच्या मर्यादेवर आणखी ओझं. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था पोर्टरना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते, त्यातली घ्या. इथल्या मुलांसाठी पैसे जमवायला जाऊन तिथल्या कुणाच्या मुलाचा घास कापला, तर त्या फोटोत हसायचं कसं?

परत आल्यावर पंधरा दिवसांत एका पानाचा हिशेब सगळ्यांना पाठवा: जमा किती, बँकेने कापले किती, शाळेने खर्च कशावर केले, बिलांची छायाचित्रं. सत्कार घेतला तरी चालेल, पण त्यात मुलांना स्टेजवर उभं करून यंत्रं कानाला लावायचा कार्यक्रम करू नका. आम्ही एकदा केला होता. एका मुलीने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले, माइकच्या आवाजाने. तेव्हापासून बंद.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, खरं तर या आठवड्यात करायचं काम तेच आहे. शाळेत जा आणि तिथल्या बाईंना विचारा की श्रवणयंत्रंच हवी आहेत का. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून बऱ्याच मुलांना यंत्रं मिळतात. अडतं ते त्याच्या पुढे. मूल वाढतं तसा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं आणि आई ते कपाटात ठेवून देते. नवीन साचे, बॅटऱ्या, दुरुस्ती, आणि मुलाला बोलतं करणाऱ्या थेरपिस्टचा पगार, याला कुणी देणगी देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. बाईंनी हेच सांगितलं तर तुमचा आकडा एकरकमी दहा लाख राहणार नाही. कदाचित वर्षाला अडीच लाख, चार वर्षं, असा होईल. तसं असेल तर वर्षाला पावागडचे २४ रविवारच पुरतात, आणि किलिमांजारोला जायचं की नाही हे तुम्ही आणि तुमचे यजमान निवांत बसून ठरवू शकता.